अमेरिकेत शेतजमीन घेताय? मग सरकारी भावफरकाचे पैसे कोणाला, कधी आणि कसे मिळतात ते आधी बघा

इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मल भागात इन्शुरन्स आणि आयटीच्या नोकऱ्यांमुळे आपली मराठी मंडळी बरीच आहेत, आणि गावातून गाडी बाहेर काढली की कुठल्याही दिशेला मका नाहीतर सोयाबीनच दिसतो, त्यामुळे ज्याचं बालपण शेतात गेलंय त्याच्या मनात कधी ना कधी येतंच की इथे आपलीही थोडी जमीन असावी. त्यात एनआरआय झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तरच, म्हणून इथल्या जमिनीचा विचार करणारे वाढलेत. आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, इथे सरकार शेतकऱ्याला भरपूर सबसिडी देतं म्हणे, आपल्याला मिळेल का?

मिळू शकते. पण ती कशाला चिकटलेली असते हे बहुतेकांना माहीत नसतं आणि तिथेच गडबड होते. आपल्याकडे हमीभाव म्हणजे माल केंद्रावर नेला, काटा झाला, की त्या मालाचे पैसे. इथे तसं नाही. इथे पैसे जातात जमिनीच्या जुन्या कागदावरच्या नोंदीला, आणि त्यातही त्या वर्षी पिकाची जोखीम ज्याने उचलली त्याच्या खात्यात. तुम्ही यंदा काय पेरलं याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो, आणि तुम्ही मालक आहात एवढ्यावर एक डॉलरही मिळत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

उदाहरणासाठी मी इथली शेजारची लिव्हिंगस्टन काउंटी धरतो, पॉन्टियाक हे तिचं मुख्य गाव. सपाट काळी जमीन, मका-सोयाबीनचा फेरपालट. दुसऱ्या राज्यात गहू, भात, भुईमूग, कापूस असेल तर आकडे बदलतात, पद्धत तीच राहते.

आधी थोडी हिशोबाची भाषा

इथे सगळं बुशेलमध्ये चालतं. मक्याचा एक बुशेल ५६ पौंड, म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो, सोयाबीनचा ६० पौंड म्हणजे सव्वासत्तावीस किलो. एका क्विंटलला मक्याचे चारच्या जरा आत आणि सोयाबीनचे साडेतीनच्या जरा वर बुशेल. एकर मात्र आपलाच एकर, ४० गुंठ्यांचा.

सरकार ज्या भावाशी तुलना करतं त्याला रेफरन्स प्राइस म्हणतात. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या मोठ्या कायद्याने हे भाव वाढले, मका ३.७० डॉलरवरून ४.१०, सोयाबीन ८.४० वरून १०, गहू ५.५० वरून ६.३५, सगळे एका बुशेलचे. क्विंटलमध्ये बघा, मका सुमारे १६ डॉलर आणि सोयाबीन ३६-३७ डॉलर. डॉलरला ९० रुपये धरले तरी सोयाबीन ३,३०० रुपयांच्या आसपासच येतं, आणि आपल्याकडे २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, मक्याचा २,४००. म्हणजे अमेरिकेत सरकार भाव जास्त देतं हा समजच चुकीचा आहे, फरक आहे तो एकरी उताऱ्यात आणि एकरांच्या संख्येत. मध्य इलिनॉयमध्ये एकरी २०० बुशेल मका म्हणजे ५० क्विंटल, आणि तो इथे काही विक्रम मानला जात नाही.

अजून एक, बाजारभाव या रेफरन्स प्राइसच्या वर असेल तर भावफरकाचे काहीच पैसे येत नाहीत. वर्षानुवर्षं शून्यही येऊ शकतं. २०१४ च्या आधी 'डायरेक्ट पेमेंट' होतं, भाव काहीही असो एकरी ठरलेली रक्कम यायची, ते २०१४ च्या फार्म बिलाने, म्हणजे शेतीच्या कायद्याने, बंद केलं. जुन्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी त्या काळातल्या असतात, त्यावर हिशोब करू नका.

पहिली पायरी: तुमचा व्हिसा

हे सगळ्यात आधी, कारण इथेच निम्म्या लोकांचा विषय संपतो. सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर दार उघडं आहे. एच-१बी वर असाल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही 'फॉरेन पर्सन' आहात आणि तेव्हा पेमेंटसाठी जमीन, भांडवल आणि स्वतःची भरीव अंगमेहनत, तिन्ही द्यावं लागतं. नुसती जमीन देऊन चालत नाही, आणि एच-१बी वर असताना दुसरीकडे अशी मेहनत करायची परवानगी आहे का हा वेगळाच प्रश्न, तो इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि पेमेंट नको असलं तरी एक गोष्ट करावीच लागते. ग्रीन कार्ड नसताना शेतजमीन घेतली तर ९० दिवसांत त्याची नोंद सरकारकडे द्यावी लागते, फॉर्म एफएसए-१५३. नाही दिली तर दंड जमिनीतल्या तुमच्या हिश्शाच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. घर घेताना असं काही नसतं म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि रिअल इस्टेट एजंट सांगेलच असं नाही. काही राज्यांत, उदाहरणार्थ शेजारच्या आयोवात, अमेरिकेत कायमचं न राहणाऱ्या परदेशी माणसाला शेतजमीन घेण्यावरच बंधन आहे, तेव्हा राज्याचा कायदाही बघा.

उत्पन्नाची अटही आहे, सरासरी एजीआय (टॅक्स रिटर्नवरचं ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) ९ लाख डॉलरच्या वर असेल तर पैसे नाहीत. एक वर्ष सोडून त्याआधीच्या तीन करवर्षांची सरासरी धरतात. नोकरदार माणसाला सहसा याची अडचण येत नाही, पण फॉर्म भरावा लागतोच, त्यावर पुढे बोलतो.

दुसरी पायरी: जमिनीचा कागद, व्यवहाराच्या आधी

गावाकडे आपण सातबारा बघितल्याशिवाय जमिनीच्या बांधावरही जात नाही. इथे मालकीचा कागद काउंटी कोर्टहाउसमध्ये असतो पण सबसिडीचा कागद वेगळ्याच ठिकाणी असतो, एफएसए म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी ऑफिसात. त्या कागदाचं नाव एफएसए-१५६ईझेड. प्रत्येक शेताला एक फार्म नंबर आणि त्याच्या आत ट्रॅक्ट नंबर असतात, गट नंबर आणि हिस्सा म्हणा हवं तर. हा कागद विकणाऱ्याकडून मागून घ्या, व्यवहार व्हायच्या आधी, कारण तोवर मालक तो आहे आणि ऑफिस तुम्हाला परस्पर देणार नाही.

त्या कागदावर तीन गोष्टी बघायच्या.

एक, बेस एकर. म्हणजे त्या जमिनीवर जुन्या काळातल्या पेऱ्यावरून कायम झालेले एकर, पीकवार. समजा ८० एकरांचं शेत आहे, त्यात मक्याचा बेस ४५ आणि सोयाबीनचा ३३. आता तुम्ही यंदा ८० च्या ८० एकर सोयाबीन पेरलं तरी हिशोब मक्याच्या ४५ आणि सोयाबीनच्या ३३ वरच होणार. बेस जमिनीबरोबर विकला जातो, माणसाबरोबर जात नाही. आणि अशीही जमीन असते जिच्यावर बेसच नाही, वर्षानुवर्षं कुरण होती किंवा आधीच्या मालकाने तो सोडून दिला. शेजारच्या दोन शेतांत माती सारखी, भाव सारखा, आणि एकावर बेस आहे, एकावर नाही, हे होतं. २०२५ च्या कायद्यात देशभरात ३ कोटी एकरांपर्यंत नवीन बेस द्यायची तरतूद आहे, २०१९ ते २०२३ च्या पेऱ्यावरून, तेव्हा घेताय त्या जमिनीला त्यातून काही मिळतंय का हेही विकणाऱ्याला विचारा.

दोन, पीएलसी यील्ड (पीएलसी ही भावफरकाची योजना, पुढे येईल). हा एकरी उतारा पण आजचा नाही, कागदावरचा. शेजारी २०० बुशेल काढत असेल आणि तुमच्या कागदावर १३० असेल तर हिशोब १३० नेच होतो. २०२० मध्ये मालकांना हा आकडा सुधारून घ्यायची संधी होती, ज्यांनी घेतली नाही त्यांच्या जमिनीवर तो तसाच राहिला.

तीन, जमीन धूप होणारी म्हणून नोंदलेली आहे का आणि पाणथळ जागेची काही नोंद आहे का. याचं महत्त्व पुढे कळेल.

छोट्या जमिनीवाल्यांसाठी, तुमच्या सगळ्या शेतांचा मिळून बेस १० एकर किंवा कमी असेल तर पैसे मिळत नाहीत. अपवाद आहेत, त्यात नवीन शेतकरी, म्हणजे शेती करायला लागून १० वर्षं झाली नाहीत असा, हाही एक आहे, त्यासाठी सीसीसी-८६० फॉर्म भरून द्यायचा.

तिसरी पायरी: कसणाऱ्याशी करार, इथेच पैसे कोणाचे ते ठरतं

आपल्यापैकी जवळजवळ कोणी स्वतः ट्रॅक्टर चालवणार नाही, जमीन तिथलाच एखादा शेतकरी कसणार. त्याचे मुख्य दोन प्रकार.

कॅश रेंट म्हणजे आपला खंड, विदर्भात मक्ता म्हणतो तो. एकरी ठरलेले डॉलर, पाऊस पडो न पडो. यात जोखीम सगळी कसणाऱ्याची, म्हणून सरकारी पैसेही शंभर टक्के त्याचे. मालकाचं नाव पेमेंटच्या कॉन्ट्रॅक्टवर येत नाही. 'जमीन माझी आणि चेक त्याला' म्हणून चिडणारे लोक मी बघितलेत, पण नियम सरळ आहे आणि माझ्या मते योग्य आहे, भाव पडला तर मार त्यालाच बसतो.

क्रॉप शेअर म्हणजे बटई, अर्धलीने देतो ते. मध्य इलिनॉयमध्ये निम्मं-निम्मं ही जुनी पद्धत, बियाणं-खत-औषधाचा निम्मा खर्च मालकाचा आणि निम्मं धान्यही मालकाचं. इथे जोखीम वाटलेली आहे म्हणून सरकारी पैसेही त्याच वाट्याने. सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला मालक या पद्धतीत जमिनीच्या जोरावर 'प्रत्यक्ष शेतीत असलेला' धरला जातो, रोज शेतावर असावं लागत नाही.

मधला एक प्रकार आहे, फ्लेक्स लीज, ठरलेलं भाडं आणि पीक किंवा भाव चांगला आला तर वर काही. हे शब्द कसे लिहिलेत त्यावर ऑफिस त्याला खंड धरेल की बटई ते ठरतं, म्हणून सही करायच्या आधी मसुदा एफएसए ऑफिसला दाखवून घ्या, नंतर वाद घालून काही होत नाही. आणि तोंडी करारावर जाऊ नका, समोरचा कितीही चांगला असला तरी. लेखी असलं की पुढे त्याच्या मुलांशी आणि तुमच्या मुलांशीही संबंध चांगले राहतात.

एक गोष्ट मनापासून सांगतो. खंडाने देऊन वर 'सबसिडीचे निम्मे मला गुपचूप दे' असं कसणाऱ्याला म्हणू नका. पैशांची वाटणी कागदावर आहे तशीच झाली पाहिजे, नाहीतर दोघांचंही पेमेंट अडकतं. तसंही सबसिडीचा काही भाग वाढलेल्या भाड्यातून मालकाकडे पोचतोच, हे अर्थतज्ज्ञ बऱ्याच वर्षांपासून सांगतायत.

चौथी पायरी: एफएसए ऑफिसची पहिली चक्कर

यूएसडीए (अमेरिकेचं कृषी खातं) सर्व्हिस सेंटर म्हणून शोधा, काउंटीप्रमाणे पत्ता मिळतो. फोन करून वेळ घ्या, पेरणी आणि काढणीच्या दिवसांत आणि मुदत जवळ आली की तिथे गर्दी असते. बरोबर डीड म्हणजे खरेदीखत, लीज म्हणजे कसणाऱ्याबरोबरचा करार, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचे तपशील, ग्रीन कार्ड असेल तर ते. जमीन एलएलसी किंवा ट्रस्टच्या नावाने घेतली असेल तर तिचेही कागद आणि त्यातल्या सगळ्या सभासदांची माहिती.

भरायचे फॉर्म बरेच आहेत, नावं लिहून ठेवा म्हणजे तिथे गोंधळ होत नाही. एडी-२०४७ म्हणजे तुमची ग्राहक माहिती. सीसीसी-९०२ म्हणजे शेती कोण करतं, जमीन-भांडवल-मेहनत-व्यवस्थापन कोणाचं किती, हा सगळ्यात महत्त्वाचा, याच्यावरून तुम्ही पात्र की नाही ते ठरतं, घाईत भरू नका. एलएलसी वगैरे असेल तर सीसीसी-९०१. सीसीसी-९४१ उत्पन्नाच्या अटीचा, त्यात ते आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून, खात्री करून घ्यायची परवानगी घेतात. एडी-१०२६ धूप आणि पाणथळ जमिनीच्या अटीचा. आणि बँकेत थेट पैसे जमा व्हायचा फॉर्म. नवरा-बायको दोघांच्या नावाने जमीन असेल तर दोघांनीही आपापले फॉर्म भरायचे, एकाची सही दुसऱ्यासाठी चालेलच असं धरू नका.

त्या ऑफिसमधली माणसं त्याच काउंटीतली असतात, घरी शेती असते, आणि नवीन माणसाला नीट समजावून सांगतात असा माझा अनुभव आहे. न लाजता विचारा. आपले उच्चार, आपली नावं, याचं दडपण घेऊ नका. फक्त 'कोणता पर्याय घेऊ' हे विचारलं तर ते सांगणार नाहीत, तो निर्णय तुमचाच असतो.

पाचवी पायरी: पीएलसी की एआरसी

आता मुख्य गोष्ट. शेतात जेवढ्या पिकांचा बेस आहे त्या प्रत्येक पिकासाठी दोनपैकी एक निवडायचं.

पीएलसी म्हणजे भावफरक, आपल्याकडे मध्य प्रदेशात भावांतर केलं त्या जातीचं. देशभरातला वर्षाचा सरासरी भाव रेफरन्स प्राइसच्या खाली गेला तर जेवढा फरक तेवढे पैसे. तुमचा माल तुम्ही किती भावाला विकला हे बघत नाहीत, चांगला विकला तरी पैसे येतात, वाईट विकला तरी तेवढेच.

आपल्या ८० एकरांवर करून बघू. इथे थेट ४.१० नसून 'इफेक्टिव्ह' रेफरन्स प्राइस वापरतात, मागच्या पाच वर्षांत भाव चढे असतील तर ती वर सरकते पण मूळ भावाच्या ११५ टक्क्यांपलीकडे जात नाही. समजा ती ४.४० आहे आणि वर्षाचा सरासरी भाव ४.१० निघाला. फरक ३० सेंट. कागदावरचा उतारा १५० धरला तर एकरी ४५ डॉलर. मक्याचा बेस ४५ एकर, म्हणजे २,०२५ डॉलर. पण बेसच्या ८५ टक्क्यांवरच देतात, म्हणजे १,७२१. त्यातून बजेट कपात म्हणून ५.७ टक्के जातात, हातात १,६२३. आणि अर्धलीने दिली असेल तर तुमचे त्यातले निम्मे, ८११ डॉलरच्या आसपास. भाव फारच पडला तर फरक मोजायलाही खालची एक मर्यादा आहे, सरकारी कर्जाच्या दराच्या (हे धान्यावरचं कर्ज, पुढे येईल) खालचं धरत नाहीत.

दुसरा पर्याय एआरसी, त्याचा काउंटीवार प्रकार म्हणजे एआरसी-सीओ. त्यात नुसता भाव नाही, एकरी उत्पन्न म्हणजे उतारा गुणिले भाव बघतात, आणि तेही तुमचं नाही, अख्ख्या काउंटीचं. काउंटीचा पाच वर्षांचा उतारा आणि पाच वर्षांचा भाव, दोन्हीतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात छोटं वर्ष वगळून सरासरी, त्यांचा गुणाकार म्हणजे बेंचमार्क. त्याच्या ९० टक्के ही हमी, आधी ८६ होती. काउंटीचं खरं एकरी उत्पन्न हमीच्या खाली गेलं तर फरक मिळतो, पण बेंचमार्कच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. समजा काउंटीचा उतारा २०० आणि भाव ४.९०, बेंचमार्क ९८० डॉलर, हमी ८८२. त्या वर्षी काउंटीत २१० बुशेल पिकला आणि भाव ४.१० राहिला, तर ८६१. फरक २१ डॉलर, त्याचे ८५ टक्के म्हणजे एकरी १७.८५. याच वर्षी पीएलसीने एकरी ३८.२५ दिले असते.

मग पीएलसीच चांगलं का? नेहमी नाही. २०१२ सारखा दुष्काळ पडला की मका कमी आणि भाव आकाशाला, अशा वर्षी पीएलसी शून्य देतं, आणि काउंटीचा उतारा भाववाढीपेक्षा जास्त कोसळला असेल तर एआरसी काही ना काही देतं. किंवा भाव रेफरन्सच्या बराच वर आहे पण मागच्या सरासरीपेक्षा एकदम उतरला, तेव्हाही एआरसीच कामाला येतं. पण तुमच्या एकट्याच्या शेतावर गारपीट झाली आणि काउंटी मस्त पिकली तर एआरसीचा काहीच उपयोग नाही, त्यासाठी पीकविमा, तो वेगळा आणि खासगी एजंटकडून घ्यायचा असतो, एफएसए ऑफिसात मिळत नाही.

काउंटी कोणती धरायची यावर पूर्वी खूप ओरड झाली. २०१४ च्या बिलानंतर रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन काउंट्या, सारखंच पीक आणि पैशांत मोठा फरक, असं व्हायला लागलं, कारण प्रत्येक काउंटीचा उतारा वेगळ्या आकडेवारीतून काढलेला. २०१८ च्या बिलाने दोन दुरुस्त्या केल्या, विम्याची आकडेवारी आधी वापरायची, आणि जमीन प्रत्यक्ष ज्या काउंटीत आहे तिचाच हिशोब लावायचा, ऑफिस कुठलंही असो. हद्दीवरची जमीन घेत असाल तर हे नक्की विचारून घ्या.

आयोवा, इलिनॉयच्या विद्यापीठांनी फुकट कॅल्क्युलेटर बनवलेत, आपला बेस आणि उतारा टाकून बघा. माझं मत विचाराल तर, ज्याला शेतीच्या बाजारावर रोज लक्ष ठेवायला वेळ नाही त्याने कसणाऱ्याबरोबर बसून ठरवावं, कारण निवड शेतावरच्या सगळ्या हिस्सेदारांची एकमताने व्हावी लागते, एकाने नाही म्हटलं तर बदल होत नाही. २०२५ च्या पिकापुरती निवडीची कटकट नव्हती, दोन्हीतलं जे जास्त निघेल ते आपोआप द्यायचं असं कायद्यातच लिहिलंय. पुढच्या वर्षांसाठी परत निवडायचं आहे.

सहावी पायरी: दर वर्षी सही, दर वर्षी पेरा

इथे नवीन माणूस हमखास चुकतो. निवड केली म्हणजे झालं असं नाही, दर वर्षी वेगळी नोंदणी करावी लागते, सीसीसी-८६१ वर सही. त्याची तारीख वर्षागणिक बदलते, ऑफिसच्या ईमेलची यादी असते तिच्यात नाव घाला. सही चुकली तर बेस असूनही त्या वर्षाचे पैसे गेले.

आणि पेऱ्याची नोंद, एफएसए-५७८. आपल्या ई-पीक पाहणीसारखंच, कुठल्या तुकड्यात काय आणि किती एकर. इथे सहसा मका-सोयाबीनसाठी १५ जुलै ही शेवटची तारीख. हे काम कसणारा करतो पण झालं का हे तुम्ही विचारा. पेरलेल्या पिकावर पैसे नाहीत मग नोंद कशाला, असं वाटेल, पण तीच अट आहे, सगळ्या शेताचा पेरा सांगितल्याशिवाय पेमेंट निघत नाही.

पाणथळ जागा आणि झाडं, हात लावायच्या आधी विचारा

या भागात शेताखाली पाणी काढायच्या पाइपा घालतात, टाइल म्हणतात. नवीन जमीन घेतली की पहिला उत्साह असतो, हा ओला कोपरा कोरडा करू, ती झाडांची रांग काढू. थांबा. १९८५ च्या कायद्यापासून नियम आहे की पाणथळ जागा बुजवून किंवा निचरा करून तिथे पीक घेता येईल असं केलं, किंवा धूप होणारी जमीन संवर्धनाच्या आराखड्याशिवाय कसली, तर त्या तुकड्याचे नाही, तुमचे सगळ्या शेतांचे सगळे फायदे जाऊ शकतात, विम्याच्या हप्त्यावरची सवलतही. काम काढायच्या आधी एडी-१०२६ नव्याने भरा, ऑफिस तो एनआरसीएस (कृषी खात्याचाच माती-पाणी संवर्धनाचा विभाग) कडे पाठवतं, त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत जेसीबी बोलावू नका. आधीच्या मालकाने काही उद्योग केलेत का हेही बघा, कारण तो डाग जमिनीबरोबर येऊ शकतो.

पैसे कधी येतात

उशिरा. मका-सोयाबीनचं बाजारवर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. २०२५ च्या शरदात काढलेल्या मक्याचा सरासरी भाव ऑगस्ट २०२६ संपल्यावर कळतो आणि पैसे ऑक्टोबर २०२६ मध्ये. म्हणजे काढणीनंतर वर्षभराने. जमिनीच्या कर्जाचा हप्ता या पैशांवर धरून बसलात तर अडचणीत याल. चांगली जमीन इथे एकरी दहा हजार डॉलरच्या बरीच वर जाते, आणि वरच्या उदाहरणात ८० एकरांच्या शेतातल्या मक्याच्या बेसला मिळाले सोळाशे. हा हिशोब कागदावर मांडा आणि मग ठरवा, कारण सबसिडीसाठी म्हणून जमीन घेणं अजिबात जमत नाही.

एका माणसाची वर्षाची मर्यादा २०२५ च्या कायद्याने १,२५,००० वरून १,५५,००० डॉलर केली, आपल्यासारख्यांना तिथे पोचायचा प्रश्नच नाही. वर्ष संपल्यावर १०९९-जी, म्हणजे सरकारकडून मिळालेल्या पैशांचा टॅक्स फॉर्म येतो, हे पैसे करपात्र आहेत. स्वतः शेती चालवत असाल तर शेड्यूल एफ, नुसता बटईचा मालक असाल तर बहुतेकदा फॉर्म ४८३५. सॉफ्टवेअरच्या नोकरीचा टॅक्स भरून देणाऱ्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, शेतीचं काम करणारा सीपीए बघा.

धान्य हातात असेल तर कर्ज

बटईचं निम्मं धान्य तुमचं असेल आणि भाव पडलेला असेल तर विकायची घाई करू नका. मार्केटिंग असिस्टन्स लोन म्हणून नऊ महिन्यांचं कर्ज मिळतं, धान्य तारण ठेवून, आपल्या बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेसारखं. २०२६ च्या पिकापासून दर मक्याला बुशेलला २.४२ आणि सोयाबीनला ६.८२ डॉलर. भाव कर्जाच्या दराच्याही खाली गेला तर कमी दराने फेडता येतं, किंवा धान्यच सरकारला देऊन मोकळं होता येतं. मुख्य अट ही, धान्य विकायच्या आधी अर्ज. एकदा एलिव्हेटरवाल्याला, म्हणजे धान्य साठवून विकत घेणाऱ्याला, विकलं की हक्क गेला.

अचानक येणारे पैसे

या नेहमीच्या योजनांशिवाय मधूनच मोठ्या रकमा जाहीर होतात. २०१८-१९ च्या चीनबरोबरच्या व्यापारयुद्धात मार्केट फॅसिलिटेशन प्रोग्राम आला, २०१९ मध्ये प्रत्येक काउंटीला एकच एकरी दर होता, १५ ते १५० डॉलरच्या मध्ये कुठेतरी. त्यात बेस बघितला नव्हता, त्या वर्षी प्रत्यक्ष पेरलेले एकर बघितले. अशा वेळी ज्यांचा पेरा नोंदलेला आणि फॉर्म पूर्ण होते त्यांना पैसे लगेच मिळाले, म्हणून बाजार चांगला असला तरी कागद चालू ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या

तुमचं नाव आणि मिळालेली रक्कम ही सार्वजनिक माहिती आहे. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप नावाच्या संस्थेने १९९५ पासूनची यादी काउंटीवार लावून ठेवलीय, कोणीही बघू शकतं. याचा उपयोग आपणही करावा, आपल्या काउंटीत कुठल्या पिकाला, कुठल्या वर्षी किती आले हे बघितलं की पैसे किती चढउताराने येतात ते दिसतं, आणि मोठ्या शेतांकडेच मोठा वाटा जातो हेही.

आणि अर्ज नाकारला तर पत्रात कारण आणि अपिलाचे हक्क लिहिलेले असतात. ३० दिवस असतात. काउंटी कमिटीकडे फेरविचार मागता येतो, ती त्याच काउंटीतल्या शेतकऱ्यांनी निवडलेली असते, तीन वर्षांची मुदत, आणि शेतात तुमचा हिस्सा असेल तर त्या निवडणुकीत मत तुम्हालाही आहे. तिथे नाही जमलं तर मध्यस्थी, आणि त्यावर नॅशनल अपील्स डिव्हिजन. पत्र आलं की पाकिटावरची तारीख जपून ठेवा आणि लेखी उत्तर द्या, फोनवर बोलणं अपील धरत नाहीत.